साठ सेकंदांचा पट : युद्धाच्या टेबलापासून फुटसलच्या डिजिटल फळ्यापर्यंत

१/
फुटसलच्या सामन्यात प्रत्येक संघाला प्रत्येक अर्धात एकच टाइम-आउट मिळतो आणि तोही अवघ्या एका मिनिटाचा. शिट्टी वाजते. खेळाडू धापा टाकत बाकाजवळ येतात, राखीव खेळाडू त्यांच्या खांद्यांवरून डोकावतात आणि मध्यभागी प्रशिक्षकाच्या हातात असतो एक टॅब्लेट. पडद्यावर छोटेसे मैदान, त्यावर पाच लाल आणि पाच निळ्या चकत्या. बोट फिरते, बाण उमटतो, एक चकती सरकते, दुसरी तिच्या जागी येते. साठ सेकंद संपतात. खेळाडू परततात आणि बाणाने दाखवलेल्या दिशेने धावू लागतात.

या एका मिनिटामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात प्रशियाचा राजा आहे, एका तरुण अधिकाऱ्याची आत्महत्या आहे, चंद्रावर अणुस्फोट घडवण्याचा अभ्यास करणारा भौतिकशास्त्रज्ञ आहे आणि मोजदाद चोख करूनही निष्कर्ष चुकलेला एक हिशेबनीसही आहे.

२/
पटावर सोंगट्या मांडून लढाईचा विचार करणे भारतीयांना नवे नाही. चतुरंगाच्या नावातच सैन्याची चार अंगे आहेत : हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. परंतु बुद्धिबळाचा पट सपाट आहे. त्यावर नदी नाही, टेकडी नाही, चिखल नाही. घोडा कोणत्याही घरात तेवढाच चपळ असतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन विद्वानांना हीच उणीव खुपू लागली. १७८० मध्ये ब्रन्सविकच्या हेलविग याने बुद्धिबळाचा पट मोठा करून त्यावर भूप्रदेश आणला. घरांना रंग दिले आणि रंगानुसार जमिनीचा प्रकार ठरवला. खेळ रंजक होता, पण सैन्य अजूनही चौकोनांतच अडकलेले होते.

३/
चौकोन मोडले ते राइसविट्झ पितापुत्रांनी.

१८१२ मध्ये थोरल्या राइसविट्झने प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म याला एक भव्य टेबल नजर केले. त्यावर टेकड्या, नद्या, रस्ते आणि गावे दाखवणारे तुकडे हवे तसे जुळवता येत आणि रोज नवी रणभूमी रचता येई. राजवाड्यात या खेळाचे मोठे कौतुक झाले. पण राजवाड्यातले टेबल छावणीत नेता येत नाही.

तोफखान्यात अधिकारी असलेल्या मुलाने ही अडचण सोडवली. १८२४ मध्ये त्याने टेबल काढून टाकले आणि १:८००० प्रमाणाचे नकाशे घेतले. त्यांवर लाल आणि निळ्या रंगाच्या ठोकळ्यांनी पलटणी दाखवल्या. एक डाव म्हणजे प्रत्यक्षातील दोन मिनिटे. त्या वेळेत पायदळ किती अंतर जाईल आणि घोडदळ किती, हे मोजून ठोकळा तेवढाच सरकवायचा.

४/
याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी धाकट्या राइसविट्झच्या नियमांत होत्या.

पहिली म्हणजे पंच. खेळाडूंनी हुकूम लिहून पंचाकडे द्यायचे आणि पंचाने नकाशावर फक्त तेवढेच ठोकळे ठेवायचे, जेवढे प्रत्यक्षात दिसू शकतील. टेकडीआडची शत्रूची तुकडी पटावर येतच नसे. दुसरी म्हणजे फासे. चकमकीचा निकाल पूर्ण गणिताने न ठरता काही अंशी फाशांवर सोडलेला होता, कारण खऱ्या लढाईत पाऊस येतो, दारू ओली होते, निरोप्या वाट चुकतो.

प्रशियाच्या जनरल स्टाफचा प्रमुख म्युफ्लिंग हा खेळ पाहायला बसला तेव्हा काहीसा उदासीन होता, असे सांगतात. डाव रंगत गेला तसा त्याचा नूर पालटला. हा केवळ खेळ नसून युद्धाची शाळा आहे, असे उद्गार त्याने काढले आणि सैन्यात त्याची शिफारस केली.

शोधकर्त्याच्या वाट्याला मात्र सुख आले नाही. खेळाच्या यशाबरोबर हेवाही वाढला. बर्लिनहून त्याची बदली टोरगाऊला झाली. तो तिला अपमान समजला आणि १८२७ मध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याचे लाल-निळे ठोकळे जगभरच्या सैनिकी नकाशांवर आणि पुढे क्रीडांगणाच्या फळ्यांवर टिकून राहिले.

फासे आणि पंच मात्र फळ्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. फुटबॉलच्या प्रशिक्षकाने खडू हातात घेतला तेव्हा त्याच्या पटावर प्रतिस्पर्ध्याचे सारे खेळाडू लख्ख दिसत होते आणि प्रत्येक पास नेमका पोहोचत होता.

५/
फुटबॉलमध्ये चित्राने खेळावर पहिला मोठा विजय मिळवला तो १९२५ नंतर.

त्या वर्षी ऑफसाइडचा नियम सैल झाला. पूर्वी चेंडू पुढे येताना आघाडीच्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असावे लागत, आता दोन पुरेसे झाले. गोलांचा पाऊस सुरू झाला. ३ ऑक्टोबर १९२५ रोजी न्यूकॅसलने आर्सेनलचा ७-० असा धुव्वा उडवला. आर्सेनलचा अनुभवी खेळाडू चार्ली बुकन याने मधल्या फळीतील मध्यरक्षकाला मागे खेचून तिसरा बचावपटू करावा असा आग्रह धरला आणि व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन याने तो मान्य केला. पुढील काही वर्षांत या बदलातून एक नवी मांडणी घडली : मागे तीन, त्यांच्यापुढे दोन, मग पुन्हा दोन आणि आघाडीला तीन.

या मांडणीचे नाव पडले ‘डब्ल्यू-एम’. कागदावर खेळाडूंचे ठिपके रेषांनी जोडले की वरच्या पाचांचा इंग्रजी डब्ल्यू होतो आणि खालच्या पाचांचा एम. म्हणजे हे नाव खेळाच्या गुणावरून आले नाही, आकृतीच्या आकारावरून आले. हिरवळीवर उभ्या असलेल्या कोणालाही डब्ल्यू दिसत नाही. तो फक्त वरून, कागदावर दिसतो.

६/
कागदावरचे अक्षर मनात किती खोल रुजते, हे २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बलीच्या मैदानावर उघड झाले.

हंगेरीच्या नांदोर हिदेगकुटीच्या पाठीवर ९ हा आकडा होता. इंग्लंडच्या समजुतीप्रमाणे ९ क्रमांकाचा खेळाडू आघाडीच्या मध्यभागी असतो आणि बचावातील मधल्या खेळाडूने त्याला सोडायचे नसते. हिदेगकुटी मात्र मागे सरकून मधल्या पट्ट्यात वावरत राहिला. इंग्लंडच्या हॅरी जॉन्स्टनपुढे पेच उभा राहिला. त्याच्या मागे जावे तर बचावाच्या मध्यभागी खिंडार पडते, न जावे तर तो मोकळा राहतो. पहिल्याच मिनिटात हिदेगकुटीने गोल केला आणि सामन्याअखेर त्याच्या नावावर तीन गोल जमा झाले. हंगेरीने ६-३ अशी बाजी मारली. पुढल्या मे महिन्यात बुडापेस्टला हाच फरक ७-१ इतका झाला.

जॉन्स्टन काही सुमार खेळाडू नव्हता. त्याच्या डोक्यातील चित्रात ९ हा ठिपका एका जागी खिळलेला होता आणि समोरचा ९ चालू लागला होता, एवढेच घडले. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरण्याची आकृती ठाऊक होती, बाहेर पडण्याची नव्हती. जॉन्स्टनची गत फारशी वेगळी नव्हती.

फळ्याच्या मर्यादेची एक गमतीदार आठवण ब्राझीलच्या फुटबॉलमध्ये आजही सांगितली जाते. १९५८ च्या विश्वचषकात सोव्हिएत संघाविरुद्धच्या सामन्यापूर्वी प्रशिक्षक सारी योजना तपशीलवार समजावून सांगत होता. ऐकून झाल्यावर गारिंचाने निरागसपणे विचारले म्हणे, की हे सगळे रशियनांशी ठरवून ठेवले आहे ना! आख्यायिका असेल. पण राइसविट्झला ती फार आवडली असती.

७/
याच सुमारास इंग्लंडमध्ये एक गृहस्थ वेगळ्याच मार्गाने सामना कागदावर उतरवत होता.

चार्ल्स रीप शाही हवाई दलात होता आणि पेशाने हिशेबनीस होता. १८ मार्च १९५० रोजी स्विंडन टाउन आणि ब्रिस्टल रोव्हर्स यांच्या सामन्याच्या मध्यंतरानंतर त्याने खिशातून वही-पेन्सिल काढली आणि प्रत्येक चढाई स्वतःच्या सांकेतिक लिपीत टिपायला सुरुवात केली. त्या एका अर्धात स्विंडनच्या १४७ चढायांची नोंद झाली. पुढे आयुष्यभर तो सामने टिपत राहिला. १९५८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची त्याची आकृती वॉलपेपरच्या लांबलचक गुंडाळीवर काढलेली होती.

मेहनत थक्क करणारी होती. त्यातून निघालेला निष्कर्ष असा : सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांनंतर होतात, म्हणून चेंडू लवकरात लवकर पुढे धाडावा. पण एकूण चढायांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक चढाया मुळातच तीन किंवा त्याहून कमी पासांत संपत होत्या. नव्वद टक्क्यांहून अधिक प्रयत्नांतून ऐंशी टक्के फळ मिळत असेल, तर छोट्या चढाया कमी फलदायी ठरतात आणि उरलेल्या थोड्या लांबलचक चढाया अधिक. रीपच्या स्वतःच्या आकड्यांनी त्याच्या विरुद्ध साक्ष दिली होती. ती ऐकायला पुढच्या पिढीतील अभ्यासकांना यावे लागले. तोवर लांब चेंडू उडवण्याचा धडा इंग्लंडमधील हजारो मुलांनी ‘शास्त्रीय’ म्हणून गिरवला होता.

८/
आता दक्षिण अमेरिकेकडे वळले पाहिजे, कारण फुटसल तिथे जन्मला.

१९३० साली उरुग्वे फुटबॉलने वेडावला होता. १९२४ आणि १९२८ च्या ऑलिंपिकचे सुवर्ण खिशात होते आणि पहिला विश्वचषक मायदेशात जिंकला गेला होता. माँतेविदेओतील वायएमसीएचे शारीरिक शिक्षक हुआन कार्लोस सेरियानी यांच्यापुढे साधा प्रश्न होता : मुलांना फुटबॉलच खेळायचा आहे, मैदान मिळत नाही, पण बंदिस्त सभागृह आहे. त्यांनी चार खेळांतून सामग्री गोळा केली. आत्मा फुटबॉलचा. पाच खेळाडू आणि चाळीस मिनिटे बास्केटबॉलची. मैदानाचे माप आणि गोलची चौकट हँडबॉलची. गोलरक्षकाविषयीचे नियम वॉटरपोलोचे.

बास्केटबॉल स्वतः १८९१ मध्ये वायएमसीएच्याच प्रशिक्षण शाळेत जन्मलेला. तेव्हा ही देवाणघेवाण घरातल्या घरातच झाली. एकाच संस्थेच्या छताखाली दोन खंडांत जन्मलेल्या या भावंडांत आजही एक साम्य दिसते : दोघांच्या प्रशिक्षकांना सामना थांबवून आकृती काढण्याची मुभा आहे. अकरा जणांच्या फुटबॉलमध्ये ती नाही.

९/
खेळ ब्राझीलला पोहोचला आणि तिथेच वाढला. साओ पाउलोत नियम बांधले गेले. उसळी कमी असलेल्या जड चेंडूमुळे त्याला ‘जड चेंडूचा खेळ’ असे टोपणनाव मिळाले. १९७१ मध्ये फिफुसा ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९८२ मध्ये तिने साओ पाउलोतच पहिली जागतिक स्पर्धा भरवली. नंतर फिफाने या खेळात लक्ष घातले आणि १९८९ मध्ये नेदरलँड्समध्ये स्वतःची विश्वस्पर्धा घेतली. ब्राझीलने १९८९, १९९२ आणि १९९६ अशा पहिल्या तिन्ही स्पर्धा जिंकल्या.

संघटनांच्या भांडणाचा इतिहास लांब आणि रटाळ आहे. येथे त्याचे कारण नाही.

१०/
मोजमाप मात्र पाहिले पाहिजे, कारण सारी अडचण त्यात आहे.

फुटबॉलचे मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद धरले तर क्षेत्र ७,१४० चौरस मीटर होते. गोलरक्षक वगळून वीस खेळाडूंत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला ३५७ चौरस मीटर येतात. फुटसलचे मैदान ४० बाय २० मीटर धरले तर क्षेत्र ८०० चौरस मीटर आणि आठ खेळाडूंत प्रत्येकी १००. जागा साडेतीन पटींनी आटली. त्यातच किक-इन आणि फ्री किकसाठी चार सेकंदांची मर्यादा, आणि गोलरक्षकानेही स्वतःच्या अर्धात चेंडू चार सेकंदांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. एका अर्धात सहावी नोंदणीकृत चूक झाली की प्रतिस्पर्ध्याला भिंतीविना थेट फटका मिळतो. बदली खेळाडूंना मर्यादा नाही, त्यामुळे दर काही मिनिटांनी चेहरे बदलतात.

अशा खेळात जागा धरून उभा राहणारा खेळाडू म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दिलेली देणगी.

११/
ब्राझीलमध्ये भूमिकांची नावे रूढ झाली : मागे राहणारा ‘फिक्सो’, कडेने धावणारे दोन ‘आला’ आणि पुढे पाठ करून चेंडू धरणारा ‘पिव्हो’. फळ्यावर ही मांडणी सुबक दिसते. मागे एक, मध्ये दोन, पुढे एक, असा चौकट राजाच्या पत्त्यावरचा आकार. एक-दोन-एक किंवा तीन-एक असे लिहिले की पोरांना लगेच कळते.

मग आली चार-शून्य. चारही खेळाडू जवळजवळ एका ओळीत, पुढे कोणीच नाही. ज्याने पास दिला त्याने थांबायचे नाही. बचावपटूच्या पाठीमागून तिरके किंवा रेषेला समांतर धावत सुटायचे. त्याची रिकामी जागा शेजाऱ्याने भरायची, शेजाऱ्याची त्याच्या शेजाऱ्याने. चेंडू मिळाला नाही तर वळसा घालून पुन्हा ओळीत यायचे. प्रतिस्पर्धी बचावपटूने पाठलाग केला तर मागे जागा उघडी, न केला तर धावणारा मोकळा. १९५३ मध्ये जॉन्स्टनपुढे पडलेला पेच येथे चौघांनाही, दर तीन-चार सेकंदांनी पडतो.

हे फळ्यावर काढून पाहावे. प्रत्येक पासाचा एक बाण आणि त्याच वेळी चौघांच्या हालचालींचे चार. तीन पासांत पंधरा बाण झाले. चौथ्या पासाला फळ्यावर कोळ्याचे जाळे दिसते आणि खेळाडूंच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह. शिवाय संकेतही एकसारखे नाहीत. काही पुस्तकांत अखंड रेषा म्हणजे धाव आणि तुटक रेषा म्हणजे पास, तर काहींत नेमके उलट. एका प्रशिक्षकाकडून दुसऱ्याकडे गेलेल्या खेळाडूला लिपीच बदलून शिकावी लागते.

१२/
या फिरत्या खेळाला शिस्त लावण्यात स्पेनने मोठा वाटा उचलला. हाविएर लोसानो १९९२ पासून राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते. २००० च्या डिसेंबरमध्ये ग्वातेमालातील अंतिम सामन्यात स्पेनने ब्राझीलला ४-३ असे हरवले आणि सलग तीन विजेतेपदांची साखळी तुटली. २००४ मध्ये तैवानमध्ये स्पेनने पुन्हा चषक उचलला.

त्यावरून ‘फळ्याने गल्लीला हरवले’ असे लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलेला बरा. ब्राझीलचे प्रशिक्षक काही अडाणी नव्हते आणि स्पेनचे खेळाडू काही यंत्रमानव नव्हते. फिरत्या मांडण्यांची कल्पना दोन्ही देशांतून एकमेकांत झिरपत होती. फरक इतकाच, की स्पेनमध्ये ती शिकवता येईल अशा रूपात उतरवण्याचा ध्यास मोठा होता.

१३/
उतरवायची कशी, याचे तंत्र दरम्यान बदलत होते.

खडूचा फळा जड होता. मग मार्करचा पांढरा फळा आला, मग लोहचुंबकाच्या चकत्या चिकटणारी घडीची फाइल आली. ती काखेत मारून सभागृहात नेता येई. तिचा मुख्य दोष असा, की चकती सरकवली की आधीची जागा पुसली जाते. सुरुवात आणि शेवट एकाच वेळी दिसत नाही.

दूरचित्रवाणीने वेगळा उपाय काढला. चालत्या चित्रावरच रेघा ओढणारे ‘टेलिस्ट्रेटर’ हे यंत्र अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ लिओनार्ड राइफेल यांनी घडवले. जानेवारी १९८२ मधील सुपर बोलच्या प्रक्षेपणात जॉन मॅडन यांनी ते वापरले आणि अमेरिकेतील घराघरांत पिवळ्या रेघा पोहोचल्या. हेच राइफेल १९५८ च्या सुमारास अमेरिकी हवाई दलाच्या एका गुप्त अभ्यासाचे प्रमुख होते. चंद्रावर अणुबॉम्बचा स्फोट केला तर पृथ्वीवरून तो कसा दिसेल, हा त्या अभ्यासाचा विषय! त्या गटात तरुण कार्ल सेगनही होते. प्रकल्प बारगळला, रेघा मात्र राहिल्या.

१४/
संगणकाला सामन्याचा अर्थ लावायला शिकवण्याचे काम सोव्हिएत युक्रेनमध्ये सुरू झाले. डायनॅमो कीवचे प्रशिक्षक व्हॅलेरी लोबानोव्स्की उष्णता अभियांत्रिकी शिकलेले होते. त्यांच्या दृष्टीने सामना म्हणजे बावीस घटकांची एक प्रणाली आणि तिच्यातील अकरा-अकरा घटकांच्या दोन उपप्रणाली. शास्त्रज्ञ अनातोली झेलेंत्सोव्ह यांच्या साथीने त्यांनी मैदानाचे चौकोन पाडले आणि कोणता खेळाडू कोणत्या चौकोनात काय करतो, याची मोजणी लावली. आपल्या एकूण कृतींपैकी १८ टक्क्यांहून अधिक चुका न करणारा संघ अजिंक्य ठरतो, असे झेलेंत्सोव्ह यांचे मत होते. कीवने १९७५ आणि १९८६ मध्ये युरोपचा कप विनर्स कप जिंकला.

या पद्धतीत एक गोष्ट लक्षणीय होती. फाशांना निदान टक्केवारीच्या रूपाने पुन्हा पटावर जागा मिळाली होती.

१५/
एप्रिल २०१० मध्ये आयपॅड बाजारात आला आणि थोड्याच काळात प्रशिक्षकांसाठीची ॲप आली. फुटसल, हँडबॉल, हॉकी, ज्याचे त्याचे मैदान तयार. चकत्यांना क्रमांक, नाव, रंग. चेंडू वेगळा. रेघ अखंड, तुटक, नागमोडी, हवी तशी.

चुंबकी फाइलचा जुना दोष येथे दूर झाला. प्रशिक्षक पहिली स्थिती मांडून जतन करतो, मग चकत्या हलवून दुसरी, मग तिसरी. कळ दाबली की यंत्र मधला प्रवास स्वतः भरून काढते आणि चकत्या पडद्यावर धावू लागतात. पंधरा बाणांचे जाळे सुटले. चार-शून्यची फिरकी प्रथमच चालताना दाखवता आली. गावातील शाळेच्या प्रशिक्षकालाही ते शक्य झाले, ही मोठीच गोष्ट.

पण यंत्र मधला प्रवास भरते कसा, हे पाहण्यासारखे आहे. दोन स्थितींमधील अंतर ते सारख्या भागांत विभागते. एखाद्या खेळाडूला दोन सेकंदांत चार मीटर जायचे असेल, तर पडद्यावरची चकती दर सेकंदाला दोन मीटर या ठरीव चालीने, सरळ रेषेत सरकते. हाडामांसाचा खेळाडू असे करत नाही. पहिल्या सेकंदात तो अर्धा मीटर उलट दिशेला झुकतो, बचावपटूचे वजन चुकीच्या पायावर आणतो आणि उरलेल्या एका सेकंदात साडेचार मीटर झेपावतो. फुटसलमध्ये गोल होतो तो या हुलकावणीमुळे. पडद्यावर नेमकी तीच गाळली जाते.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. पडद्यावर ४० मीटरचे मैदान २० सेंटिमीटरमध्ये बसवले तर प्रमाण १:२०० होते आणि एक सेंटिमीटर म्हणजे दोन मीटर. बोटाचे टोकही साधारण तेवढेच रुंद असते. म्हणजे प्रशिक्षक ‘इथे उभा राहा’ म्हणून बोट ठेवतो तेव्हा त्या बोटाखाली दोन मीटर जमीन झाकलेली असते. फुटबॉलमध्ये दोन मीटर खपून जातील. फुटसलमध्ये गोलची चौकटच तीन मीटर रुंद आहे.

चांगले प्रशिक्षक हे ओळखून असतात. ते पडद्यावर सुरुवात दाखवतात आणि उरलेले सभागृहाच्या लाकडी फरशीवर, चालत, मग धावत करून घेतात.

१६/
अकरा जणांच्या फुटबॉलने बाकावर यंत्र येऊ द्यायला पुष्कळ वेळ घेतला. २०१८ च्या सुमारास नियम बदलले, डावपेचांसाठी हातातील उपकरणांना परवानगी मिळाली आणि रशियातील विश्वचषकात फिफाने संघांना टॅब्लेट पुरवले. वर बसलेल्या विश्लेषकाने काढलेली आकृती आता खाली बाकावर पोहोचू लागली.

मार्च २०२४ मध्ये डीपमाइंड आणि लिव्हरपूल क्लब यांनी ‘टॅक्टिकएआय’ या प्रणालीवरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रीमियर लीगमधील ७,१७६ कॉर्नर किकवरून ती शिकली होती. खेळाडू म्हणजे बिंदू आणि त्यांच्यातील संबंध म्हणजे रेषा, असे जाळे रचून चेंडू कोणाकडे जाईल याची ती शक्यता सांगते आणि कोणाला कुठे उभे करावे हेही सुचवते. तज्ज्ञांना नावे न सांगता पर्याय दाखवले असता ९० टक्के वेळा त्यांनी प्रत्यक्षातील मांडणीपेक्षा यंत्राच्या सूचनेला पसंती दिली. कॉर्नर किकच का निवडली, याचे उत्तर साधे आहे. तिथे चेंडू आणि खेळाडू क्षणभर थांबलेले असतात. वाहत्या खेळापुढे यंत्रही अजून चाचपडते.

१७/
भारतात या खेळाची पावले उशिरा उमटली. जुलै २०१६ मध्ये ‘प्रीमियर फुटसल’ ही व्यावसायिक स्पर्धा भरली आणि मुंबई व गोवा हे तिच्या पहिल्या संघांत होते. गोव्याकडून रोनाल्डिन्यो उतरला आणि बेंगळुरूविरुद्ध एकट्याने पाच गोल करून गेला. विजेतेपद मात्र मुंबईने पटकावले. राष्ट्रीय महासंघाची पहिली क्लब स्पर्धा २०२१ मध्ये दिल्लीत झाली आणि २०२३ मध्ये भारताच्या राष्ट्रीय फुटसल संघाने आंतरराष्ट्रीय पदार्पण केले. मुंबई-पुण्याच्या टर्फवर रात्री उशिरापर्यंत दिव्यांच्या उजेडात पाच-पाच जणांचे सामने रंगतात, पण तिथला खेळ बहुतेक वेळा मोठ्या फुटबॉलचीच छोटी आवृत्ती असतो. जाळीने वेढलेल्या त्या टर्फवर चेंडू बाहेर जात नाही, चार सेकंदांचा नियम नसतो आणि टाइम-आउटही नसतो.

१८/
शेवटी सप्टेंबर २०१६, कोलंबिया. फुटसलच्या विश्वचषकाची बाद फेरी. एका बाजूला पाच वेळचा विजेता ब्राझील, दुसऱ्या बाजूला इराण. ब्राझीलच्या संघात एकोणचाळीस वर्षांचा फाल्काओ, या खेळातील सर्वांत गाजलेले नाव, आपला अखेरचा विश्वचषक खेळत होता. त्या दिवशी त्याने तीन गोल केले. इराण हार मानायला तयार नव्हता. त्यांनी सामना ४-४ वर आणला आणि पेनल्टीवर ३-२ असा जिंकला. त्या काळापर्यंतच्या फिफा विश्वचषकांत ब्राझील इतक्या लवकर कधीच बाहेर पडला नव्हता.

विजयाचा पहिला जल्लोष ओसरल्यावर इराणचे खेळाडू मैदानाच्या मध्यभागी फाल्काओकडे गेले. त्यांनी त्याला उचलून घेतले आणि पुन्हा पुन्हा हवेत उंच फेकून झेलले.